येणार की घरी

एकोणीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. माणसं वाचायची वेळ आली नाही आणि खरं सांगायचं तर मला ती हौसही नव्हती. मीटर उलट बोलत नाही, शेजाऱ्याची गाऱ्हाणी सांगत नाही, बिल जास्त कसं आलं म्हणून डोळे वटारत नाही. झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, पुढचं दार गाठायचं. साथ आली, घरोघर फिरणं बंद झालं आणि मोठ्या साहेबांनी मला नगरपालिकेच्या सभागृहात एका टेलिफोनपुढे बसवलं. समोर सत्तरीच्या पुढच्या लोकांची यादी ठेवली, चारशे बारा नावांची. ज्याला बोलता येत नाही त्यालाच बोलायला बसवायचं, हा आमच्या कचेरीचा जुना शिरस्ता आहे.

काम तसं सोपं होतं. फोन लावायचा, लसीचा दिवस सांगायचा आणि एकच विचारायचं, केंद्रावर येणार की आम्ही घरी येऊ? प्रत्येक नावापुढे दोन चौकोन छापलेले होते, ‘येणार’ आणि ‘घरी’. त्यातल्या एकात बरोबरची खूण करायची.

सिस्टर, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या मुख्य नर्स, पहिल्याच दिवशी मला दम भरून गेल्या.

“एका कुपीत दहा डोस असतात. कुपी उघडली की सहा तासांत मला दहा दंड सापडले पाहिजेत. एक कमी पडला तर तो डोस फुकट. तुमच्या खुणांवर माझं सगळं गणित आहे, कळलं?”

कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की म्हातारी माणसं फोन ठेवत नाहीत. तारीख सांगून झाली की एकाला गुडघा आठवायचा, दुसऱ्याला मुलगा. एक आजोबा मला रोज तोच प्रश्न विचारायला उलटा फोन करायचे आणि उत्तर रोज नव्याने ऐकून घ्यायचे. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं. माझ्या नाकी नऊ आले. आठवड्याभरात मी तोडून टाकायला शिकलो. हो, बरं, दुसरा फोन येतोय, नमस्कार.

एका मंगळवारी टायपिंगवाल्या बाईंचा नंबर आला. जुन्या डाकघरामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला, त्यामुळे अर्ध्या कचेरीची बोटं त्यांनीच वळवलेली. मी मात्र त्यांना कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या इमारतीतले सगळे मीटर तळाशी जिन्याखाली आहेत.

“कोण? मीटरवाले?” त्या एकदम खूश झाल्या. “म्हणजे दर महिन्याला खाली झाकण वाजवतात आणि दोनदा शिंकतात, ते तुम्हीच!”

“धूळ असते,” मी म्हणालो. आपली शिंक कोणी तीन मजल्यांवरून मोजत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“गेलं वर्षभर नाही ऐकली. म्हटलं, गेला की काय हा माणूस.”

मी तारीख सांगितली. गुरुवार, अकरा वाजता. येणार की घरी, हेही विचारलं. त्या जिन्याबद्दल सांगू लागल्या. पायऱ्या बावन्न, पूर्वी त्या दोन-दोन चढायच्या, क्लासच्या मुली मागे धापा टाकत राहायच्या. मला ते अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. सिस्टर नवे कागद घेऊन टेबलाशी उभ्या होत्या आणि बोटांनी टेबल वाजवत होत्या. मी हूं हूं करत राहिलो.

“बरं मीटरवाले, तुम्हाला कामं असतील,” शेवटी बाईच म्हणाल्या. “येते हं!”

फोन बंद झाला. मी ‘येणार’मध्ये ठसठशीत खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला.

गुरुवारी नऊ जण आले. दहावी खुर्ची रिकामी राहिली. सिस्टरनी पाचपर्यंत वाट पाहिली, मग रस्त्यावर जाऊन पाव पोचवणाऱ्या एका ड्रायव्हरला हाताला धरून आणलं आणि त्याला टोचलं. बाईंच्या नावावर तांबडी रेघ आली. गैरहजर माणूस यादीच्या तळाशी जातो, असा नियम. मी तणतणत फोन लावला.

“बाई, हे काय? येते म्हणून सांगितलंत आणि आला नाहीत. इथे डोस वाया जायची वेळ आली!”



“मी कशी येणार हो?” त्या म्हणाल्या. “कंबर मोडल्यापासून चौदा महिने मी उंबरा ओलांडलेला नाही. दूधसुद्धा पिशवी दोरीने खाली सोडून घेते. सांगितलं की तुम्हाला. मी तर तुमच्या गाडीची वाट बघत होते. दाराची कडी काढून ठेवली होती, बाही दुमडून बसले होते साडेदहापासून.”

“अहो, पण तुम्ही स्वतः म्हणालात. येते, असं.”

“ते मी निरोप घेताना म्हणाले!” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “जाते म्हणू नये, येते म्हणावं, असं आई सांगायची. आता मी कुठे जात नाही की येत नाही. कुणाशी फोनवर बोलले की तेवढंच त्यांच्याकडे जाऊन आल्यासारखं वाटतं. म्हणून उठताना म्हणते.”

माझ्या तोंडात कुणीतरी फाडकन मारावी तसं झालं. हेच मीही बोलतो. आमच्या घरात तर ‘जातो’ म्हटलं की बायको उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणवून घ्यायची. जन्मभर तोंडात असलेला शब्द मला छापील चौकोन समोर असल्यामुळे कळला नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या निरोपाचा मी ध चा मा केला होता, तोही शाईच्या पेनाने.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या गाडीने या. फक्त जरा लवकर बघा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना काल रुग्णवाहिका घेऊन गेली. मला दमा आहे ना, डॉक्टर म्हणाले, तुम्हाला गाठलं तर निभावणार नाही.”

हे त्या इतक्या हळू बोलल्या, जणू त्यांचाच काही गुन्हा होता. मला स्वतःची भयंकर चीड आली.

मी यादी घेऊन सिस्टरकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या झापतील. त्यांनी झापलंच. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं कमी होती म्हणून तुम्हाला बसवलं का, असं चारचौघांत विचारलं. मग डोक्यावरची टोपी काढून खाली बसल्या.

“घरी टोचायला जाणारी गाडी बंद. ड्रायव्हर तापाने पडलाय,” त्या म्हणाल्या. “नवा साठा कधी येईल देव जाणे, महिना म्हणतात. परवा शनिवारी माझ्याकडे शेवटची कुपी आहे. त्यात एक दंड कमी आहे. पण इथे आणावं लागेल त्यांना.”

“बावन्न पायऱ्या आहेत.”

“मग मोजत उतरवा. दहाला कुपी उघडणार मी. चारपर्यंत थांबेन. चार वाजून एक मिनिटाला समोरून जो जाईल त्याला धरणार. ओळख-पाळख नाही.”

शनिवारी कचेरीतला प्लंबर आणि व्हॉल्व्ह सोडणारा यांना घेऊन मी त्या इमारतीत गेलो. दोघेही अंगाने दणकट आणि माझ्यावर नाराज, कारण सकाळभर एका फुटलेल्या पाइपने त्यांना अडकवलं होतं आणि जेवणाच्या वेळेवर मी घाला घातला होता. आम्ही पोचलो तेव्हाच सव्वातीन झाले होते.

एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा तो जिना चढलो. दार उघडंच होतं. फोनवरच्या आवाजावरून मला बाई थोराड वाटल्या होत्या. समोर बसलेली बाई एवढीशी होती, शाळेतल्या मुलीच्या मापाची. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स, पर्समध्ये दम्याचा पंप. खोलीत सहा टायपरायटर कापडाखाली झाकलेले आणि एकच कपबशी ओट्यावर. मी ती कपबशी पाहिली आणि नजर वळवली, कारण माझ्याही ओट्यावर तशीच एक असते.

“मीटरवाले कोणते यातले?” त्यांनी तिन्ही मास्कांकडे बघत विचारलं.

“हा, ज्याच्यामुळे आम्ही उपाशी आहोत तो,” प्लंबर म्हणाला.

त्यांना लाकडी खुर्चीवर बसवलं, चादरीने कमरेशी बांधलं आणि निघालो. पुढे ते दोघं, मागे पाठ धरून मी. वजन खुर्चीचंच जास्त होतं. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्या वळणावर त्यांना धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठ पांढरे पडले. आम्ही खुर्ची टेकवली. त्यांनी पंप ओढला, डोळे मिटले, बोटांनी थांबा म्हणून खूण केली. माझ्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. मी आयुष्यात कधी घड्याळाला शिव्या दिल्या नव्हत्या, त्या दिवशी मनातल्या मनात दिल्या. व्हॉल्व्हवाला माझ्याकडे बघत होता. चुकलं कुणाचं हे त्यालाही माहीत होतं.

“परत वर नेऊ का, बाई?” मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. “वेड लागलंय का? उचला!”

पाइप वाहायच्या टेम्पोत खुर्ची दोरीने बांधली आणि मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. रस्ते रिकामे होते. बाई मात्र दोन्ही बाजूंना बघत होत्या, बंद दुकानं, बंद खिडक्या, एका गॅलरीत कपडे वाळत घालणारा माणूस. त्याला त्यांनी हात केला. त्यानेही गोंधळून केला.

चारला पाच कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. सिस्टर दारातच सुई घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाईंची बाही वर केली आणि टोचलं. माझ्या जिवात जीव आला. मी भिंतीला टेकलो.

लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, कुणाला काही होत नाही ना हे बघायला. बाईंची खुर्ची इतरांच्या ओळीत लावली. त्या अर्ध्या तासात त्यांनी शेजारच्या जोडप्याला त्यांचं लग्न कसं जमलं ते विचारलं, प्लंबरच्या दोन्ही मुलींची नावं पाठ केली आणि सिस्टरची टोपी वाकडी असल्याचं सांगितलं. साडेचारला सिस्टर म्हणाल्या, “झालं. घरी जा आता.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “जरा गरगरतंय.”

सिस्टरनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पाणी दिलं. आणखी पंधरा मिनिटं बसवलं. ती संपली तेव्हा बाईंच्या कानात आवाज येऊ लागला. त्यानंतर पायाला मुंग्या आल्या. ओळीतले बाकीचे उठून गेले होते. दोघा गड्यांना चहा प्यायला सोडलं होतं. शिपाई खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता.

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. “नाडी माझ्यापेक्षा चांगली चाललीय. खोटं बोलतायत बाई.”

“माहितीये मला.”

“मग काय करायचं? मला साडेपाचला कुलूप लावायचंय.”

मी तिकडे पाहिलं. बाई पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. खुर्च्या एकेक करून कमी होत होत्या आणि त्या प्रत्येक खुर्चीकडे बघत होत्या. इतके दिवस फोनवर मी ज्यांना तोडून टाकलं ती सगळी अशीच बसलेली असणार, हे तेव्हा मला कळलं आणि फार लाज वाटली. आणि थोडा हेवाही वाटला. त्यांनी निदान काहीतरी बहाणा केला. बायको गेल्यापासून चार वर्षं मी रोज संध्याकाळी मुकाट्याने घरी जातो, दिवा लावतो आणि एवढ्या वर्षांत मला साधं गरगरतंय म्हणायचं सुचलं नाही.

शिपायाच्या हातातून मी एक खुर्ची घेतली. बाईंपासून नियमाप्रमाणे दोन हात सोडून ती उघडली आणि बसलो.

“सिस्टर,” मी म्हणालो, “मलाही जरा गरगरतंय.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मला लस टोचलेलीच नव्हती. माझ्या वयाच्या लोकांची यादी अजून निघायची होती.