दोन खटके

दिगंबररावांनी गाडीच्या कव्हरची मागची दोरी सोडली, मग पुढची, आणि वळसा घालून ते डाव्या बाजूला आले. एरवी उजवी बाजू त्यांची आणि डावी सुमनताईंची. दोघांनी मिळून कव्हर काढायचं, चादरीसारखी घडी घालायची आणि मग दिगंबररावांनी गाडीत बसून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, असा दोन वर्षांचा रविवारचा नेम होता. आज सुमनताईंना ताप होता. "थांबा, मी येते," असं त्या आतून दोनदा म्हणाल्या होत्या. पण दिगंबरराव थांबणाऱ्यातले नव्हतेच.

कव्हर सरकलं आणि त्यांचा हात जागीच राहिला. रिकाम्या गाडीत दिवा जळत होता.

छताचा तो छोटा दिवा, विझायला आलेल्या निरांजनाएवढा मंद. बाहेर धुकं इतकं होतं की समोरचं फाटकही दिसत नव्हतं. आतलं मात्र सगळं दिसत होतं: सीटची पाठ, स्टिअरिंग, आरशाला अडकवलेला परीक्षितचा कारखान्याचा पास. आता तो मान वळवेल आणि म्हणेल, 'आ रहा हूँ ना बाबा, यार.' खोटं कशाला बोला, तसं व्हावं असं त्यांना फार वाटलं.

गाडी परीक्षितची. जुनीच घेतलेली, आता अठरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी त्यानं किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक' वाजलं. बॅटरी उतरली होती. डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात त्याची सातची पाळी होती. "अर्धा तास थांब, चार्जर लावतो," दिगंबरराव म्हणाले होते. तोही बापासारखाच, थांबणाऱ्यातला नव्हता. त्यानं शेजारच्या देवेंद्रची मोटरसायकल घेतली. महामार्गावर धुक्यात एक ट्रक उभा होता.

रात्री चालत आलेली गाडी सकाळी का चालू झाली नाही? सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उपकरणं तपासलेल्या माणसाला हा प्रश्न सुखानं जगू देणार नव्हता. त्यांनी वही सुरू केली. किल्ली काढायची, दारं लावायची आणि बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडायचा. उभ्या गाडीतून वीस-तीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जाता कामा नये. गेली, तर एकेक फ्यूज काढत जायचं. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, गळती त्याच वाटेवर. त्यांचा आकडा दर रविवारी बावीस यायचा. म्हणजे गाडी निर्दोष. आणि पुढच्या रविवारी बॅटरी पुन्हा उतरलेली.

दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या, डायनॅमो झाला, वायरिंग झालं. शेवटी मेकॅनिक गुरमीतनंही हात टेकले.

"अंकल जी, बेच दो. इसमें कोई बैठा है."

दिगंबररावांनी त्याला चांगलं झापलं होतं. त्या संध्याकाळी मात्र, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, कव्हरवर हात ठेवून ते हळूच "परीक्षित" म्हणाले होते.

आता त्यांनी चष्मा पुसला आणि दिव्याचं कारण शोधलं. डावीकडचं पुढचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. गाडीच्या दाराला दोन खटके असतात. पहिल्याला दार लागल्यासारखं दिसतं, पण चौकटीतलं बटण दबत नाही आणि दिवा जळत राहतो. हे दार पहिल्या खटक्यावर होतं.

त्याच सीटवर परीक्षित डबा ठेवायचा.

अपघाताच्या आदल्या रात्री तो साडेअकराला आला, तो रिकाम्या हातानं. "डबा गाड़ी में रह गया, आई. सुबह देखते हैं," असं म्हणून झोपायला गेला. दिगंबररावांनी ते अंथरुणातून ऐकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरल्यावर, ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा ओट्यावर डबा होता. चारही पुडं घासलेली, पालथी घातलेली. सुमनच्या घरात खरकटा डबा कधी रात्रभर राहिला नव्हता.

त्यांनी गाडीतली प्रत्येक तार तपासली होती. त्या डब्याचा विचार एकदाही केला नव्हता.

दर रविवारी कव्हर काढताना डावी बाजू तिची असायची. तिथं ती दार दाबून नीट लावत असणार, आणि पुढच्या आठवड्यात कधीतरी पुन्हा पहिल्या खटक्यावर आणून ठेवत असणार. बॅटरी आपोआप उतरत नाही, गाडीत दोष नाही, असं एकदा वहीत पक्कं उतरलं असतं, की मग त्या रात्री गाडीपाशी कोण गेलं होतं, एवढाच प्रश्न उरला असता. तो उरू नये म्हणून ती दोष पुरवत राहिली होती.

त्यांना राग आला. भयंकर राग आला. दोन वर्षं मी इथं गुडघ्यांवर बसून फ्यूज उपसतोय आणि ही चहा घेऊन उभी. मग त्यांनी ते दार स्वतः उघडून पहिल्या खटक्यापर्यंत आणलं. किती बारीक आवाज होता तो. हा आवाज ती दर आठवड्याला ऐकत होती, एकटी, मुद्दाम.

थोड्या वेळानं ते हत्यारांच्या डब्याकडे वळले. त्यातून ब्लेड काढलं आणि चौकटीतल्या बटणाच्या रबरी टोपीचा एक काप उडवला. दार जोरात लावलं. दोन्ही खटके वाजले. दिवा तसाच राहिला.

शाल गुंडाळून सुमनताई बाहेर आल्या. डावीकडचं कव्हर निघालेलं बघून त्यांनी खांब धरला.

"तुम्ही काढलंत?"

"सापडली गळती," दिगंबरराव म्हणाले. "ये इकडे. हे दार उघड. आता लाव. नीट, जोरात."

सुमनताईंनी लावलं. दिवा जळतच होता.

"टोपी झिजली आहे. दार लागतं, पण बटण दबत नाही. कुणी कितीही नीट लावलं तरी दिवा रात्रभर राहणार. जुन्या गाड्यांचं होतंच असं."

"तेव्हाही?"

"तेव्हाही. दोष गाडीचा."

दिगंबररावांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचत, एकेक शब्द लिहून काढला. मीटर जोडला, आकडा बघितला, तोही लिहिला. सुमनताई वाकल्या. फरशीवर रबराचा काळा तुकडा पडला होता, एका बाजूनं धुळकट, दुसऱ्या बाजूनं ताजा चकचकीत. तळहातावर घेऊन त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"तुम्ही कधी खोटा आकडा लिहिला नव्हतात," त्या म्हणाल्या.

"आताही नाही लिहिला. दारं लावलेली आहेत. वाच तूच."

त्यांनी मीटरकडे पाहिलं. मग त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या.

"डबा आणायला गेले होते हो मी."

दिगंबरराव त्यांच्या शेजारी बसले. शाल घसरली होती, ती वर ओढून दिली.

"माहीत आहे. ओट्यावर पालथा होता."

बॅटरीत जेमतेम तासाभराची वीज उरली होती. चार्जर लावायला कुणीच उठलं नाही.