तीस किलोंची मी

मी एक दुर्बीण बोलतेय. आधी वजन सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात जे बरंवाईट घडलं ते वजनापायीच. नळकांडं पंधरा किलो, खालची लाकडी बैठक पंधरा किलो, पोटात दहा इंचांचा आरसा. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं. मला वाटायचं, आपलं रूपच तसं आहे. खरं कारण एवढंच की मी वाटेत यायचे.

उस्तादांनी, हाताखालचे गडी त्यांना हेच म्हणायचे, मला घेतलं तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं घरसामान हलवलं. कपाटं, फ्रीज, एकदा तर चौथ्या मजल्यावरून पियानो उतरवला. ट्रकमध्ये सामानाच्या ढिगावर बसून प्रवास करता करता त्यांना तारे बघायचा नाद लागला. दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातली सगळ्यात मोठी कुठली?" मग नळकांडं खांद्यावर टाकलं, बैठक बगलेत मारली आणि चालू लागले. माझ्यातून एकदा बघितलंही नाही. मी मनात म्हटलं, चला, कदर करणारा भेटला. माझी अक्कल ही एवढी.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचव्याच्या वर. आधी बैठक वर न्यायची, परत खाली यायचं, मग नळकांडं न्यायचं. शेजारी कठड्याशी उभे राहून बघायचे, आकाशाकडे नाही, उस्तादांकडे. मीही ऐटीत असायचे. आपली मिरवणूक निघालीय असंच वाटायचं.

सहाव्या महिन्यात उस्तादांना हर्निया झाला. ऑपरेशन झालं. टाके सुकले न सुकले तोच त्यांनी मला पुन्हा उचललं आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. या वेळी डॉक्टरांनी बजावलं, "पाच किलो. त्यापुढे काही उचलायचं नाही."

"किती दिवस?"

"कायमचं."

हे सगळं त्यांची बायको फोनवर कुणाला तरी सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. त्या घरीच शिवणकाम करायच्या. मी त्यांच्या मशीनशेजारी उभी होते आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कोट माझ्यावर लटकत होते. कोट माझ्या अंगावर बरे बसायचे, एवढंच काय ते समाधान.

संध्याकाळ झाली की उस्ताद खिडकीपाशी जायचे आणि म्हणायचे, "आज ढग आहेत." आकाश स्वच्छ असायचं. बाई वर न बघता म्हणायच्या, "हो, फारच."

असा महिना गेला. मग एकदा वाळलेले कपडे घड्या घालता घालता बाई म्हणाल्या, "अहो, महिनाभर ढग आहेत आणि माझे कपडे तासाभरात वाळतायत. आपण हलकी दुर्बीण घेऊ."

"म्हणजे खेळणं."

"खेळणं तर खेळणं. तिसऱ्यांदा दवाखान्याच्या बाकड्यावर बसायची माझ्यात ताकद नाही."

उस्ताद स्वयंपाकघरात जाऊन एकच कप बराच वेळ विसळत राहिले.

दुकानदाराने मला ठेवून घ्यायचं कबूल केलं. उस्तादांच्या हाताखालच्या दोन जुन्या गड्यांनी मला उतरवलं. उस्ताद मागून "कोपरा सांभाळ, तिरकी घे" सांगत होते, हात अधांतरी धरून. गड्यांना वाटत होतं, उस्ताद कंटाळले असतील ताऱ्यांना. हर्नियाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुकानात बाईंनी पिशवीतून बॅगा तोलायचा छोटा काटा काढला. दुकानदार म्हणाला, "लोक आधी डोळा लावून बघतात."

"आम्ही आधी काटा लावतो."

पहिली नऊ किलो भरली. दुसरी साडेसहा. "दीडच तर जास्त आहे," उस्ताद पुटपुटले. बाईंनी ती जागच्या जागी ठेवून दिली. तिसरी, सडपातळ नळीची, तीन पायांच्या तिकाटण्यासकट चार किलो दोनशे. माझ्या पोटातल्या आरशाच्या मानाने तिची काच म्हणजे कपाची बशी. मी तिला नाकं मुरडली. नाक नसताना.

"नातवंडांसाठी का?" दुकानदाराने प्रेमाने विचारलं.

उस्तादांनी गड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो."

"नातवंडं नाहीत आम्हाला," बाई म्हणाल्या. "ह्यांच्यासाठीच आहे. दोन ऑपरेशनं झालीत. पाचाच्या वर उचलायची मनाई आहे."

 मग थोरला गडी म्हणाला, "उस्ताद, आम्हाला एक फोन करायचा की. रोज येऊन वर ठेवली असती."

"तारे बघायला रोज दोन माणसं बोलावू?" उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले. "बघावंसं वाटलं की उठून बघता आलं पाहिजे रे."

त्यांनी ती सडपातळ नळीची उचलली. गड्यांचे हात सवयीने पुढे आले, तेव्हा बाईंनी मानेनेच नको म्हटलं. उस्ताद एका हातात दुर्बीण घेऊन पायऱ्या उतरले.

दीड महिन्याने दोघं एक स्क्रू घ्यायला आले. दुकानदाराने विचारलं, "कशी आहे?" उस्ताद म्हणाले, "शनी बारीक दिसतो. पण दिसतो." बाई म्हणाल्या, "मला चंद्र दाखवला. खिडकीतूनच. मी शिवायची थांबले, बघितला, परत शिवायला बसले." मग माझ्याकडे बोट करून हसत म्हणाल्या, "हिच्यातून एकदाही बघितलं नव्हतं मी. हे वर पोचेपर्यंत इतके दमायचे की मी खालीच पाणी तापवत बसायचे, पाठ शेकायला."

जवळजवळ वर्षभर मी त्या घरात होते. मला वाटायचं, बाईंना आकाशाची आवड नाही.

जाताना उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुकानदाराला म्हणाले, "चांगली आहे. अंगणवाल्याला द्या."

अजून अंगणवालं कुणी आलेलं नाही. मी दाराशी उभी आहे, अजून वाटेत येते. तुम्ही या. घरी अंगण असेल आणि उचलायला दोघं असाल, तर शनीची कडी अशी दाखवीन की जेवण विसराल. एकटेच आलात, आणि पाठ धरून उभे राहिलात, तर मी माझ्या परीने थोडी कुरूप दिसायचा प्रयत्न करीन.