पुढचा लॉकर

विश्रामकाकांना पुढचाच लॉकर हवा होता. मोहने गावातल्या काळुरामच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी ते ठरवून टाकलं होतं. नौपाड्यात चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला, समोरच्याला काय दिसतं आणि काय नाही हे आपणच सांगायची सवय लागलेली असते.

हा बँकेतला लॉकर नव्हे. जीपचं एक चाक हवेत गेलं की इंजिनची सगळी ताकद त्या मोकळ्या चाकात वाया जाते आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. लॉकर लावला की जोडीची दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी निघते. तो पुढच्या जोडीला बसवायचा की मागच्या, एवढाच काय तो प्रश्न.

मुरबाडच्या वर डोंगरात एक पाडा होता. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासून त्यांना चष्मे द्यायला काका वीस वर्षं जात होते. आधी आसावरीकाकू बरोबर असायच्या, नंबर त्याच लिहून घ्यायच्या. त्या गेल्यापासून मुलगी मैथिली यायची. गेल्या नोव्हेंबरात शेवटच्या चढावर जीप नाल्यात उतरली, एक चाक हवेत गेलं आणि पाड्यावरच्या लोकांनी दोर लावून ती ओढून काढली. बाजूलाच दरी होती. ‘गाडीनं दगा दिला,’ असं काका दोन महिने भेटेल त्याला सांगत होते. त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, ते मात्र कोणी विचारलं तरच सांगायचे, आणि तेही ‘आता ठणठणीत आहे’ एवढंच.

पाड्याची वाट सुटली तर आपल्याकडे काय उरतं, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही.

“काका, चढावर वजन मागं येतं,” काळुराम फडक्याला हात पुसत म्हणाला. “म्हणून एकच घ्यायचा तर लोक मागचा घेतात. पुढचा लावला की स्टीअरिंग जड होतं. गाडी वळता वळत नाय.”

“मला वळायचं कुठे आहे? सरळ वर जायचंय. एकदा लॉक केलं की चाकं सरळ राहतील ना?”

काळुरामचे हात थांबले. त्याने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा सोबत आलेल्या मैथिलीकडे.

“चाकं एकमेकांना लॉक होतात, काका. स्टीअरिंग नाय होत लॉक.”

काकांचा दोन महिने उराशी धरलेला हिशेब एका वाक्यात चुकला होता. हाताने नाही धरलं तरी लॉकर चाक सरळ धरून ठेवील, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं, आणि ते कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

“तरी मला पुढचाच हवा,” ते हेक्याने म्हणाले.

काळुरामने वाद घातला नाही. त्याच्याकडे एक रीत होती. लॉकर घेणाऱ्याने आधी काळुरामच्या जीपवर आठचा आकडा काढायचा. लायसन्सच्या परीक्षेला दुचाकीवाले काढतात तसाच, मागच्या मातीच्या मैदानात दोन पिंपांभोवती. त्या जीपला पुढेही लॉकर होता आणि मागेही.

काका चढून बसले. मैथिली बाजूला बसली. काळुरामने पुढचा लॉक टाकला आणि पिंपाशी जाऊन उभा राहिला.

पहिल्या वळणालाच स्टीअरिंग हातात दगडासारखं झालं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला. चाकांनी उलटा हिसडा दिला, उजवा हात सुटला आणि जीप सरळ जाऊन पिंपावर धडकली. पिंप गडगडत गेलं. काळुरामने ते उभं करून पुन्हा जागेवर ठेवलं.

“पुढच्यानं सगळ्यांचंच असं होतं,” तो खिडकीशी येऊन म्हणाला. “आता मागचा टाकतो.”

आता स्टीअरिंग हलकं होतं. काकांनी पहिलं पिंप नीट घेतलं, दुसऱ्याकडे वळले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग गिअर बदलायला डावा हात खाली गेला. स्टीअरिंगवर एकटा उजवा हात राहिला. त्यांच्या डोळ्यांदेखत बोटं सैल पडली, एकेक करून, दुसऱ्या कोणाची असावीत तशी. काकांनी ब्रेक दाबला. पिंप दोन हातांवर होतं.

इंजिन बंद झालं. काळुराम जवळ आला नाही. तो लांबच पाठमोरा उभा राहिला, आणि त्याबद्दल काका त्याचे मनातून ऋणी झाले.

“नोव्हेंबरात गाडीनं दगा नव्हता दिला,” काका म्हणाले.

“माहितीये बाबा. मी बाजूलाच बसलेले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलेले.”

काकांना भयंकर लाज वाटली. हात गेल्याची नव्हे. दरीच्या कडेला पोटच्या मुलीला बसवून आपण बोटांवर भरवसा ठेवला, आणि पुढच्या खेपेलाही ठेवणार होतो, याची. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

थोड्या वेळाने काळुराम वही घेऊन आला.

“काय लिहू, काका? पुढचा की मागचा?”

“ते हिला विचार,” काका म्हणाले. “गाडी ही चालवणार आहे.”

मैथिलीने आधी तो आठ स्वतः काढून पाहायचा म्हटलं. काका खाली उतरले, बोनेटला वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि ती स्टीअरिंगकडे सरकून जागा रिकामी करेपर्यंत उभे राहिले.