डोळे मिटून झालेलं भांडण

माझ्या आईच्या, कुसुमबाईच्या, डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. शुगर. जिंतूरच्या डॉक्टरनं बघितलं आणि तोंडावर सांगितलं, परभणीला न्या, अंगठा काढावा लागेल, उशीर केलात तर पाऊल जाईल.

आई म्हणाली, "प्रभू बरं करील. चाकू लावू देणार न्हाई."

हे तिला मोबाईलवरच्या एका भाषणबाजानं शिकवलं होतं. पांढरा सूट, मागं रंगीत दिवे. म्हणे, गोळी घेतली की विश्वास कमी पडला. याची स्वतःची दाढ दुखली की हा कुठं पळतो, ते कुणी विचारत नाही. आईनं गोळ्या बंद केल्या. मी ओरडलो, तर माझ्याशी बोलणंही बंद केलं.

आमच्या येलदरीत दर रविवारी चांगुणाबाईच्या पत्र्याच्या घरात ख्रिस्ती प्रार्थना असते. ही धरणावर मासे विकते. पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, कधीमधी येतो, एरवी हीच चालवते. आई तिथं जायची, मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या रविवारी आईच्या मागोमाग गेलो ते भांडायलाच. हे लोक माझ्या आईचा पाय खायला निघालेत, असं डोक्यात होतं.

दारातूनच म्हणालो, "तुमच्या प्रार्थनेनं काळा अंगठा गोरा होतो का?"

"बस खाली," चांगुणाबाई म्हणाली. "आधी प्रार्थना, मग दे शिव्या."

तिथली रीत अशी, की एकजण प्रार्थना करत असताना बाकीच्यांनी डोळे मिटायचे, मध्ये तोंड घालायचं नाही. बोलणारा तुमच्याशी बोलतच नसतो, देवाशी बोलत असतो. सगळ्यांनी आईच्या पायाकडं हात केले.

"हे प्रभू," चांगुणाबाईनं सुरू केलं, "ही तुझी लेक कुसुम. हिचा तुझ्यावर लय विश्वास हाय. पण बापा, हिला वाटायलंय तू फकस्त या पत्र्याखालीच राहतोस. परभणीच्या दवाखान्यात तुला कुणी घुसूच देत न्हाई."

आई चुळबुळली. उलट बोलायची सोय नव्हती. मग चांगुणाबाई श्वास घ्यायला थांबताच तिनंही डोळे न उघडता सुरू केलं.

"बापा, चांगुणीला सांग, पाय माझा हाय. बोलायला हिचं काय जातंय?"

"प्रभू, हिला आठवण दे. माझ्या लेकीचं पोट दुखलं तवा पैली प्रार्थना हिनंच केली, आन दवाखान्यात न्यायला जीप आणायला बी हीच पळाली."

"बापा, तवा पोट दुसरीचं होतं!"

कुणीतरी खुदकन हसलं. मलाही हसू आलं, आणि रागही. मग आईचा आवाज एकदम बारीक झाला.

"भ्या वाटायलंय, बापा. त्या टेबलावर एकटीला नेतेत. समद्यांला बाहेर ठिवतेत."

विश्वासाच्या गप्पांखाली हे होतं. मी इतका ओरडलो, पण तिला एकदाही विचारलं नाही.

चांगुणाबाई म्हणाली, "मग असं करू, प्रभू. आमी समदे दाराबाहेर बसतो. आत तू जा. काम वाटून घेऊ. हिला धीर दे, डॉक्टरच्या हाताला बळ दे."

मग आई म्हणाली, "आमेन."

सोमवारी परभणीच्या दवाखान्यात सगळे आले. कुणी मजुरी बुडवली, चांगुणाबाईनं त्या दिवशीची मासळीची विक्री सोडली. वॉचमन खेकसला, "हितं जत्रा न्हाई!" तर उठून भिंतीकडेला बसले आणि पुटपुटत राहिले. "तुझी आई बाटली," म्हणून मला खिजवणाऱ्यांपैकी एकही तिथं नव्हता. हे मी लिहून ठेवतो, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. देव आत गेला का, मला माहीत नाही. दाराबाहेर कोण बसलं होतं, ते माहीत आहे, आणि त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

अंगठा गेला. पाऊल राहिलं.

आईला बाहेर आणलं. तिनं मान वळवून भिंतीकडेच्या रांगेकडं पाहिलं, डोळे भरून आले, आणि कोरड्या तोंडानं म्हणाली, "समदेच आलात व्हय? अन् सकाळपासून चहा तरी पेलात का कुणी?"