गोष्टीत नसलेला नवरा

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी कथालेखनाचा वर्ग घेतो. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो: पात्र, स्थळ, कथानक, संघर्ष, निवेदन. बाकी सगळा मालमसाला. नियम दोनच. कथा वाचून झाली की लेखकाने तोंड उघडायचं नाही, इतरांनी बोलायचं. आणि ‘हे खरं आहे का?’ असं कुणीही विचारायचं नाही. हा नियम मोडला म्हणून एका बँकेतल्या साहेबांना मी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेही पंचावन्न वर्षांच्या माणसाला.

या खेपेला माझ्या बायकोनेही नाव घातलं. का, ते मला कळलं नाही. घरात एवढा मास्तर असताना वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, “घरी तुम्ही मध्येच बोलता.”

काल तिने कथा वाचली. दुसऱ्या ओळीलाच मी सावरून बसलो, कारण घर आमचंच होतं. स्वयंपाकघरातला गळका नळ, त्याला गुंडाळलेलं फडकं, इस्त्रीने डागलेलं टेबल, सगळं जिथल्या तिथे. बाईही तीच, कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणारी. ती उठते, चहा करते, नळ दुरुस्त करायला घेते. पाना घसरतो, बोटाला लागतं, तरी हटत नाही. मी वाट बघत होतो, की आता नवरा येईल. निदान चहाच्या वासाने तरी येईल. नळ दुरुस्त झाला, बाई गॅलरीत जाऊन बसली आणि कथा संपली. नवरा आलाच नाही.

मेला म्हणावं तर भिंतीवर फोटो नाही. बाहेरगावी म्हणावं तर फोन नाही. सोडून गेला म्हणावं तर बाईला त्याचं सोयर ना सुतक. मला काही सुधरेना.

“यात संघर्ष कुठे आहे?” मी विचारलं.

“नळ आहे की, सर,” वर्गातले बसचे ड्रायव्हर म्हणाले. “तो पाना घसरला तिथे मलाच घाम फुटला.”

“पण पात्रं कमी नाही वाटत? घरातलं एखादं माणूस वगैरे?”

“छे, एकटी आहे म्हणून तर मजा आहे,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसरं कुणी आणलं असतं तर नुसती अडगळ झाली असती.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. अडगळ. निवृत्त नर्सबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, “किती शांत वाटलं हो वहिनी.” वहिनी नियमाप्रमाणे गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, “हे खरं आहे का?”

मग ड्रायव्हर हळूच म्हणाले, “सर, नियम तुमचाच.” बँकेतल्या साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. सगळे हसले, मीही तोंडदेखलं हसलो.

घरी आल्यावर ती कपडे वाळत घालायला लागली. मी मागोमाग गेलो.

“त्या बाईचा नवरा कुठाय?”

“नाहीये.”

“म्हणजे गेला?”

“अहो, गेला नाही. गोष्टीत नाहीये.”

“मुद्दाम काढलास?”

तिने शर्टाला चिमटा लावला. “आधी होता. पहिल्याच पानावर होता. पण तो खोलीत आला की ती बाई गप्प बसायची. किती वेळा लिहून बघितलं. शेवटी त्याला काढलं, तर तिने पाना उचलला.”

“आता परत नाही घालता येणार?”

“येईल की. पण येऊन करेल काय? त्याला हवंय तरी काय?”

पात्राला काय हवंय ते ठाऊक नसेल तर लिहायला बसू नका, असं मी आल्यागेल्याला दटावतो. आता मलाच उत्तर सुचेना. चहा? शांतता? वेळेवर जेवण? डोक्यात नुसता कालवा. गॅलरीत एकटी बसलेली ती बाई डोळ्यांसमोरून हलेना आणि मी खरोखर घाबरलो.

“तू जाऊ नकोस,” मी म्हणालो. “मला तेवढंच हवंय. तू नसलीस तर या घरात कुठे बसायचं तेसुद्धा मला कळणार नाही.”

ओला टॉवेल हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. नाहीतर हसेल.

“थांबा हं,” ती म्हणाली. “विसरायच्या आत हे लिहून घेते.”

टॉवेल माझ्या हातात देऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती राहणार की जाणार, ते राहिलंच होतं. विचारावं म्हणून मी टकटक करायला हात उचलला. मग आत ती लिहितेय हे लक्षात आलं आणि हात खाली घेतला.