कर्ण्याची अंगाई

"थांबा, थांबा, ताई!" काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने दोन्ही हात वर केले. कानावरचा हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवला आणि कान चोळले. "शब्द छान आहेत. चाल छान आहे. पण एवढ्या जोरात कुणी 'नीज' म्हणालं ना, तर झोपलेला माणूस उठून गाडी पकडायला पळेल."

"हळूच गात होते मी," ती म्हणाली.

"हे हळू?"

"मग काय! मोठ्यानं गायले असते तर तुमची ही काच राहिली असती का?"

ध्वनिमुद्रकाने काळजीने काचेकडे पाहिले. त्याची खोली एका गादीवाल्याच्या दुकानावर होती. आवाज शोषून घ्यायला म्हणून त्याच दुकानातल्या डाग पडलेल्या, न खपलेल्या गाद्या त्याने भिंतींना उभ्या बांधल्या होत्या. चहूबाजूंनी गाद्या असूनही तिच्या गाण्याने अजून कुणाला साधी जांभईसुद्धा आली नव्हती. आणि जिच्यासाठी ही अंगाईगीते रचली, ती चार महिन्यांची मुलगी बाहेर जिन्यात आजीच्या मांडीवर घसा फोडून रडत होती.

"बाळाला भूक लागली असेल," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"हो ना, भूकच असणार," ती घाईघाईने म्हणाली. पोरीला पोटभर पाजूनच ती आत आली होती.

ती बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची पिशवी सापडली, कुणाचा नवरा हरवला, हे सगळे शहर तिच्या तोंडून ऐकायचे. लाउडस्पीकर बिघडला तरी तिचे काम अडत नसे. ती खिडकीतून डोके बाहेर काढी, आणि पार शेवटच्या फलाटावरचा कंडक्टर 'कळलं, कळलं' म्हणून हात हलवी. रविवारी हाच आवाज घेऊन ती चर्चच्या गायनमंडळात उभी राही. दुसऱ्या बाकावरच्या एक वयस्क बाई तिला उठताना पाहिले की कानातले यंत्र काढून पर्समध्ये ठेवत. पाळकसाहेब एकदा भर उपासनेत म्हणाले होते, "जगाच्या शेवटच्या दिवशी कर्णा फुंकायला देवदूताला सवड झाली नाही, तरी आपण निश्चिंत आहोत." तेव्हापासून मंडळी तिला 'कर्णा' म्हणू लागली. तिला त्याचा राग नव्हता. देवाचे नाव घ्यायचे तर ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलेच पाहिजे, असे तिचे सरळ मत होते.

मूल झाले ते लग्नाला बरीच वर्षे लोटल्यावर, सगळ्यांनी विचारायचे सोडून दिल्यावर. दवाखान्यात नर्सने ते गाठोडे तिच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "बोला की तिच्याशी. आईचा आवाज ओळखतात मुलं." रोज हजारो प्रवाशांशी बोलणाऱ्या बाईला या एका प्रवाशाशी काय बोलावे ते सुचेना. घसा खाकरून ती म्हणाली, "आपलं स्वागत आहे." नर्स हसत हसत बाहेर गेली.

पण त्यानंतर ओळी सुचू लागल्या. लंगोट वाळत घालताना, दूध पाजताना, पोरीच्या मुठीतून आपले केस सोडवताना.

'मीट गं डोळे, उघड मुठी,
धरायचं काही नाही आता.
तू नीज, मी निजते, घर निजेल,
जागायला आहे ना पिता.'

पिता म्हणजे वरचा, आकाशातला. घरातला पिता तर आडवा झाला की घोरायला लागे. अशी गाणी जमत गेली. तिने ती पाळकसाहेबांच्या पत्नीला वाचून दाखवली आणि तिथेच फसली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केले, "आपली भगिनी नवमातांसाठी अंगाईगीतांचा अल्बम काढत आहे. प्रभूची स्तुती असो!" मंडळी 'आमेन' म्हणाली. मंडळी आमेन म्हणाल्यावर माघार कशी घ्यायची?

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिच्या गाण्याने पोरगी झोपत नव्हती. नुसती झोपत नव्हती असे नाही, पहिल्या ओळीला ओठ काढायची, दुसरीला लाल व्हायची आणि तिसरीला आईच्या वर सूर लावायची. आवाजाच्या बाबतीत लेक आईवर गेली होती.

पोरगी झोपायची ती आजीजवळ.

एकदा दुपारी कपडे गोळा करून ती आत आली, तर सासूबाई खिडकीपाशी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सासूबाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांची कुजबुजही स्वयंपाकघरापर्यंत पोचे. त्या गात नव्हत्या. बोलत होत्या. ना वर, ना खाली, जात्यातून पीठ पडावे तशा एका सुरात.

"...तुझा आजोबा. छत्री घेऊन जायचा नि छत्री ठेवून यायचा. गावातल्या सगळ्या दुकानांत आमच्या छत्र्या. जन्मभर विचारलं, मीठ कुठाय. मीठ जिथं होतं तिथंच होतं. लग्नात फोटोवाल्याला म्हणाला, बाईला जरा तिकडं सरकवा, माझे बूट दिसू द्या. नवे होते ना बूट. अजून आहे तो फोटो. बूट चांगले आलेत. मी अर्धीच आलेय..."

पोरीचे डोळे मिटत आले होते. बुटांपाशी ते पूर्ण मिटले.

ती दारात कपडे घेऊन उभी राहिली. देवाधर्माची, यमकांची, रात्रंदिवस जिवाचे पाणी करून रचलेली गाणी एकीकडे, आणि मेलेल्या माणसाच्या बुटांबद्दलची तक्रार एकीकडे!

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाहेर गेल्याचे पाहून तिने तोच प्रयोग केला. पोरीला मांडीवर घेतले आणि सपाट आवाजात सुरुवात केली, "तुझा बाबा. ओला टॉवेल पलंगावर टाकतो." पोरगी ऐकू लागली. "सांगितलं की हो म्हणतो. आणि परत टाकतो." पोरीने जांभई दिली. तिला हुरूप आला. "परवा तर माझ्या उशीवर टाकला. माझ्या उशीवर! आणि वर मलाच विचारतो, उशी ओली कशी? अरे, मी काय..." इथे आवाज चढला तो चढलाच. पोरीने भोकाड पसरले आणि शेजारच्या घरातून कुणीतरी विचारले, "काय झालं हो? टॉवेल कुणी टाकला?"

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मायलेकी दोघी रडत होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्याने तो बायकोशीही तसाच बोले.

"घाबरू नकोस. खोल श्वास घे. मी इथंच आहे."

"अहो, मी लिफ्टमध्ये नाहीये!"

"बरं. मग काय झालं ते सांग."

"पाळकसाहेब म्हणतात, प्रकाशनाच्या दिवशी बाळाला घेऊन पुढे या. सगळ्यांसमोर गा आणि सगळ्यांसमोर निजवा. लोकांना प्रचिती येईल म्हणे."

नवऱ्याने आधी स्वतःच खोल श्वास घेतला. "त्यांना खरं सांगून टाकू."

"काय सांगू? की अंगाईचा अल्बम काढणाऱ्या बाईची पोर तिच्या गाण्यानं दचकून उठते?" ती ओला टॉवेल उचलून दांडीवर टाकत म्हणाली. मग तिच्या मानाने फारच हळू म्हणाली, "मला कुणी अंगाई म्हटलीच नाही हो. आई गेली तेव्हा मी रांगत होते. वसतिगृहात घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की झोपायचं. मला वाटलं, आपण तरी नीट, मोठ्यानं, मनापासून म्हणू. तिला ऐकू जायला पाहिजे."

नवऱ्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. तो तिच्या शेजारी बसून राहिला.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरून गेले होते. प्रचिती घ्यायला लोक आपापली तान्ही पोरे घेऊन आले होते. पोरांना मुद्दाम जागे ठेवून आणले होते, त्यामुळे सगळी आधीच किरकिरी झाली होती. ध्वनिमुद्रक अल्बमचे खोके घेऊन कोपऱ्यात उभा होता. घरी तीच गाणी लावून बघितल्यावर त्याच्या कुत्र्याने दाराकडे धाव घेतली होती, पण हे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

पाळकसाहेबांनी मातृत्वावर भाषण केले. ते इतके लांबले, की आणखी पाच मिनिटे बोलले असते तर गाण्याची गरजच उरली नसती. पण ऐन वेळी त्यांनी 'प्रभूची स्तुती असो' म्हणून टाळ्या मागितल्या आणि टाळ्यांनी सगळी पोरे टक्क जागी झाली.

ती पोरीला घेऊन उभी राहिली. माईक तिच्यापासून लांब सरकवण्यात आला. पेटीवाल्या मास्तरांनी सूर दिला.

'मीट गं डोळे, उघड मुठी...'

पोरीने ओठ काढला. आई आवाज दाबू लागली, पण घाबरली की तिचा आवाज मोठाच होई. दुसऱ्या ओळीला पोरगी लाल झाली आणि तिसरीला तिने असा काही सूर लावला, की मास्तरांचा पेटीवरचा हात थांबला. मग तिसऱ्या बाकावरचे एक पोर रडू लागले. त्याचे ऐकून खिडकीपाशी जुळी सुरू झाली. बघता बघता सभागृहातली यच्चयावत तान्ही मुले रडू लागली. आया उठून उभ्या राहिल्या, बाप दाराकडे बघू लागले. पाळकसाहेब हात उंचावून 'शांती, शांती' म्हणत होते, पण ती शांती काही कुणाला ऐकू गेली नाही.

ती गायची थांबली. सगळ्यांसमोर तोंड उघडून नुसतीच उभी राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

सासूबाई पुढच्या बाकावरून उठल्या. त्यांना गोंगाट फारसा ऐकू आला नव्हता, पण नातीचे तोंड दिसले होते. "दे इकडं," म्हणत त्यांनी पोर घेतली, पाळकसाहेबांच्याच खुर्चीवर बैठक मारली आणि नेहमीसारखी कुजबुज सुरू केली. ती कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"तुझा आजोबा. छत्री घेऊन जायचा नि छत्री ठेवून यायचा..."

मागे कुणीतरी फिसकन हसले. मीठ झाले, बूट झाले. "चर्चमध्ये घोरायचा. मी कोपर मारलं की मोठ्यानं आमेन म्हणायचा. साहेबांना वाटायचं, केवढा भाविक..." पाळकसाहेब गोरेमोरे झाले. सगळे हसले, पण दबून, कारण जुळ्यांपैकी एक गप्प झाले होते. मग दुसरे. खिडकीपासून दारापर्यंत एकेक रडणे विझत गेले.

सासूबाईंचा सूर तसाच होता. ना वर, ना खाली.

"दवाखान्यात म्हणाला, तू घरी जा, चहा पिऊन ये. मी कुठं जातोय, मी इथंच आहे. म्हणून गेले. चहा टाकला. सवयीनं दोन कप टाकला. परत आले तर पलंग आवरलेला. चादरसुद्धा बदललेली. इथंच आहे म्हणाला होता. एवढा खोटारडा माणूस. एवढा खोटारडा..."

आता कुणी हसत नव्हते. नवरा खाली मान घालून बसला होता. बापाच्या चहाची ही गोष्ट त्याने कधी ऐकलेली नव्हती.

ती खुर्चीपाशी गेली आणि खाली जमिनीवर बसली. सासूबाईंच्या गुडघ्याला टेकून, त्यांच्या बोलण्याच्या खाली, अगदी खाली तिने सूर धरला. तो तिच्या ओळखीचा सूर नव्हता. त्यात थोडी हवा होती, थोडी खरखर होती, आणि तो फक्त हातभर अंतरावर पोचावा एवढाच होता.

'...धरायचं काही नाही आता. तू नीज, मी निजते...'

पोरीने मान वळवून आईकडे पाहिले. हा आवाज कुणाचा, असे जणू तिला विचारायचे होते. विचारता विचारताच तिचा डोळा लागला.

कुणी टाळी वाजवली नाही. सभागृहात आता पंचवीसएक पोरे झोपली होती आणि त्यांना उठवायची कुणाची छाती होती? ध्वनिमुद्रक खोके पुन्हा काखोटीला मारून चवड्यांवर चालत तिच्यापाशी आला आणि कानात म्हणाला, "ताई, हे नको विकायला. उद्या या. पहिल्यापासून करू." तिने मान हलवली. पाळकसाहेबांनी आशीर्वादाला तोंड उघडले, पण बायकोच्या नजरेकडे लक्ष गेले आणि त्यांनी नुसताच हात वर केला. मग मंडळी बूट, चपला हातात घेऊन एकेक करत बाहेर पडली. दारही कुणीतरी हाताने धरून, हळूच लावले.

सासूबाईंनी बऱ्याच वेळाने मान वर केली. समोर नुसती बाके होती.

"गेले सगळे?"

"हो, आई," ती मान हलवून म्हणाली.

"काय माणसं तरी!" सासूबाई म्हणाल्या आणि नातीच्या पायांवर पदर ओढला. "जाताना सांगून तरी जावं."