माईक तापला

हॅलो... हॅलो... वन, टू...

दचकू नका, मी माईक बोलतोय. जन्मभर लोक माझ्या तोंडाला तोंड लावून बोलत आले, कुणी तंबाखू खाऊन, कुणी कांदाभाकर खाऊन. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. वन-टूच्या पुढचा आकडा मी मुद्दाम गाळलाय, त्याचं कारण ओघात येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली शुद्ध आली ती मंचरला, शांतीलालशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. काचेच्या कपाटात माझ्या एका बाजूला दाराची बेल होती आणि दुसऱ्या बाजूला मिक्सरचं भांडं. शांतीलालशेठचे आजोबा मारवाडातून आलेले, जैन. राहायला कांदा-बटाट्याच्या बाजारात आणि घरात कांदाही वर्ज्य, बटाटाही वर्ज्य. माणूस असा भिडस्त की गिऱ्हाईक भांडायला लागलं तर हाच आधी त्याला पाणी द्यायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पिंपळवंडीच्या चांगदेवाने नवा धंदा काढला होता. लग्न, बारसं, जत्रा, दहावा, कुठेही स्पीकर भाड्याने. आईच्या नावाने पाटी रंगवली होती, 'साळुबाई साउंड सर्व्हिस'. आवाज मोठा करायचं मशीन होतं, झाडाला बांधायचे कर्णे होते, फक्त माईक नव्हता. तो मला घेऊन गेला आणि आठवड्याच्या आत परत घेऊन आला.

"शेठ, ह्यो मधीच मुका व्हतो," तो म्हणाला.

"चांगदेवभाऊ, दुकानात तर चांगला बोलत होता," शेठ म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

दोघांनी मला मशीनला लावून पाहिलं. माझी पिन मशीनमध्ये जरा सैल बसायची. वायरला हलका झटका बसला की माझा आवाज गेलाच, पुन्हा दाबलं की आला. शेठ बिचारे दुसरा माईक काढायला उठले, तोवर चांगदेवाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं होतं. "ऱ्हाऊ द्या शेठ. ह्योच न्हेतो. लई कामाचा हाय," म्हणत त्याने मला पिशवीत टाकलं. खोट माहीत असून मला पसंत करणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस, तेव्हा माझा जीव त्याच्यावर जडला यात नवल नाही.

मी कशाच्या कामाचा, ते लवकरच कळलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस जिवंतपणी जितकं ऐकून घेतो, त्याच्या दुप्पट त्याच्या दहाव्याला लोकांना ऐकवलं जातं. नदीकाठी सकाळी प्रवचन होतं, मग श्रद्धांजली. एकेक पुढारी माझी मान धरतो आणि म्हणतो, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." या वाक्यानंतर ऊन डोक्यावर येईपर्यंत सुटका नसते. मेलेल्याचं नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, मधल्या वेळात स्वतःने केलेले रस्ते आणि बंधारे.

चांगदेव मशीनजवळ मांडी घालून बसायचा. हात जोडलेले, मान खाली, चेहरा दुःखाने काळवंडलेला. माझी वायर मात्र त्याच्या पायाच्या अंगठ्यात. भाषण हद्दीबाहेर गेलं की अंगठा हळूच हलायचा आणि मी मुका. पुढारी मला थोपटायचा, फुंकायचा. चांगदेव लगबगीने उठून म्हणायचा, "साहेब, माईक तापला. आता ह्याला गार व्हऊ द्यावा लागंल." साहेब खाली बसायचे आणि लोक सुटकेचा श्वास सोडून घरची वाट धरायचे.

मी आयुष्यात एकदाही तापलेलो नाही. पण ओतूरपासून मंचरपर्यंत माझी ख्याती झाली, साळुबाई साउंडचा माईक लवकर तापतो. आणि गंमत अशी की म्हणूनच लोक आवर्जून आम्हालाच बोलवायचे.

भांडायला आलेला चांगदेव आणि पाणी देणारे शेठ यांची पुढे अशी मैत्री जमली की दुकानाला सुट्टी असली की शेठ पिंपळवंडीला. चांगदेवाची बायको भागू त्यांच्यासाठी बिनकांद्याचं पिठलं करायची. सूर्य मावळायच्या आत शेठचं जेवण झालं पाहिजे, म्हणून चांगदेव मला हातात घेऊन अंगणातून पुकारा करायचा, "शांतीलालशेठ मंचरकर यांनी ताबडतोब पाटावर यावं, सूर्यनारायण निघाले!" अख्ख्या आळीला कळायचं आज शेठ जेवायला आहेत.

लग्नसराईत रात्रभर जागून पहाटे टेम्पो दारात आला की उतरायच्या आधी तो माझ्यातून म्हणायचा, "भागू, चहा ठेव. साखर जरा जास्त." भागू दार उघडून म्हणायची, "आवो, गाव उठंल!" आणि गाव उठायचंच. मुलगी अश्विनी दहावी झाली तेव्हा तर त्याने टेम्पोला कर्णा बांधून गावातून फेरी काढली. "आमची आशी पास झाली हो! गणितातबी!" ती गणितात काठावर पास झाली होती. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माईक हातात घेऊन जाहीर केलं की दादांना आज चहा मिळणार नाही. बापाची लेक ती.

असाच एक दहावा उरकून आम्ही नदीवरून परतत होतो. टेम्पोत चांगदेव, शेजारी शेठ आणि कडेला भागू. मी भागूच्या मांडीवर.

"शेठ, माझ्या दहाव्याला मशीनवर तू बसायचं," चांगदेव म्हणाला. "कुणी लांबण लावली की वढायची वायर."

"शुभ बोल की, राव."

"शुभच बोलतोय. माझी मानसं उनात बसलेली मला चालायची न्हाईत. वचन दे."

"मला नाही जमायचं ते. समोर मोठी माणसं असतात."

"म्हणूनच तर अंगठा हाय. त्वांडानं बोलायचं न्हाई."

शेठनी हसत हसत वचन दिलं. भागू मात्र रागावली. "तोंडाला काय बी येतं तुमच्या," ती म्हणाली आणि ओतूर येईपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर वर्ष उलटलं नाही. २००४ सालचा उन्हाळा, मढ गावी लग्न होतं. चांगदेव आंब्यावर चढून कर्णा बांधून खाली उतरला. छातीवर हात घासत पेटीवर टेकला आणि मला तोंडापुढे धरून म्हणाला, "हॅलो... वन... टू..."

तो तिथेच थांबला. नवरीकडचे हसायला लागले, कारण चांगदेव थांबला म्हणजे काहीतरी नवी थट्टा येणार. कुणीतरी म्हणालंही, "पुढं म्हणा की, भाऊ." मग मी त्याच्या हातातून जमिनीवर पडलो, तो आवाज चारही कर्ण्यांतून घुमला. लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं, पण दवाखाना यायच्या आत सगळं आटोपलं होतं. मी धुळीत पडून राहिलो. मला त्याचं रडू आलं, पण बोलणाऱ्याशिवाय माईकला आवाज नसतो.

घरी माणसांची रीघ लागली. भागू रडली नाही. बायका आपसांत म्हणायच्या, "रडाय पायजे तिनं. आशानं बाई खचंल." ती नुसती दाराकडे बघत बसायची. पहाटे उठून चुलीवर चहा ठेवायची, साखर जास्त, आणि तो तसाच थंड व्हायचा.

दहाव्याला घाट फुलून गेला. कावळा पिंडाला लगेच शिवला. लोक म्हणाले, चांगदेवाची एकही इच्छा मागे राहिली नाही. खरं तर एक राहिली होती, आणि ती फक्त तिघांना माहीत होती. भागू बायकांत बसली होती. शेठ मशीनजवळ बसले होते, अनवाणी, माझी वायर अंगठ्यात धरून. आणि मी एका माजी सभापतींच्या हातात.

"मी आपला जास्त वेळ घेणार नाही," सभापती म्हणाले.

पुढे त्यांनी आपल्या कारकिर्दीतले सारे बंधारे बांधून काढले. चांगदेव कसा मितभाषी होता, ते सांगितलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगदेव कसा निर्व्यसनी होता, ते सांगितलं, तेव्हा त्याला रोज तंबाखूची पुडी देणारा टपरीवाला खोकायला लागला. ऊन चढलं. म्हातारी माणसं डोक्यावर उपरणी घेऊ लागली. मी मनात ओरडत होतो, शेठ, ओढा! पण शेठचा अंगठा जागचा हलेना. सभापतींच्या नव्या बंगल्याची सगळी वायरिंग शेठच्याच दुकानातून जायची होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला 'पुरे' म्हटलेलं नव्हतं.

तेवढ्यात भागूने मान वर केली. पदराआडून तिने शेठकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे.

शेठनी हात जोडले, मान खाली घातली. आणि अंगठा हलला.

मी मुका झालो. सभापतींनी मला थोपटलं, फुंकलं, उलटं करून पाहिलं. शेठ उठून उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "माईक... माईक तापला."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा घाट हसला, दहाव्याला, पिंडासमोर. सभापती गोंधळून खाली बसले. अश्विनी हसत होती. भागूही पदर तोंडावर दाबून हसत होती. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले, आणि जमलेल्या बायकांनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती मोठमोठ्याने रडत होती. शेठ मशीनजवळ बसून डोळे पुसत होते. वायर अजून त्यांच्या अंगठ्यातच होती.

आता बिनवायरचे माईक आलेत. त्यांना ओढायला काही नाही, त्यामुळे दहाव्यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. मी भागूच्या घरी भिंतीतल्या देवळीत असतो. कधी शेठ पिठलं खायला आले की अश्विनी मला मशीनला लावते आणि सूर्यनारायणाचा पुकारा करते. कुणी 'वन, टू, थ्री' म्हणून मला तपासलं तर थ्रीला मी मुद्दाम खरखरतो. तो आकडा एका माणसाचा म्हणायचा राहिलाय, तो दुसऱ्याला मी म्हणू देत नाही.

एकच विनवणी आहे. आपल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला उभे राहाल, तेव्हा त्याच्याबद्दलच बोला, आणि समोरची माणसं उन्हात आहेत एवढं ध्यानात ठेवा. मलाही चांगदेवाबद्दल अजून पुष्कळ सांगायचं होतं. जत्रेतला तो कुस्तीचा पुकारा, अश्विनीच्या साखरपुड्याला त्याची आठवण काढून शेठनी...

पण राहू द्या. माईक तापला.